डफडे, तबकड्या आणि डीजे : वाजवायचे की नाही हे ठरवणार कोण?

यंदा जुलैत आमच्या खोलीच्या पत्र्यातून पाणी गळू लागले आणि पोटमाळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढावी लागली. ट्रंकेत वरच्या थरात वडिलांच्या कॅसेटी होत्या, तळाशी आमच्या त्रेचाळीस तबकड्या. बारा इंची, काळ्या, पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या. संगीताचा प्रकार ड्रम अँड बेस. पाकिटांवर बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही एकेक पाकीट कोरड्या फडक्याने पुसत बसलो. पुसता पुसता दोन प्रश्न पुन्हा समोर आले. एक वडिलांचा, दुसरा भाच्याचा. दोघांनाही आम्ही तेव्हा उत्तर दिले नव्हते.

वडिलांचा प्रश्न २०१३ सालचा. समाजशास्त्रात एम.ए. करून आम्ही इंग्लंडमधून परतलो. शिष्यवृत्तीवर गेलो होतो. वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवले होते की पोरगा पुस्तके आणणार आहे. बॅग उघडली तर पुस्तके निघाली सात-आठ आणि बाकी सगळ्या तबकड्या. वडील मूळचे यवतमाळकडचे, नोकरीसाठी मुंबईला आलेले. त्यांनी एक तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "तुह्या आज्यानं वाजवनं सोडलं, म्हनून मी शिकलो. मी शिकलो म्हनून तू इलायतेले गेला. आन् तिथून काय आनलं? वाजवनंच?"

भाच्याचा प्रश्न यंदाच्या मार्चमधला. जयंती मंडळाच्या बैठकीत आम्ही डीजेच्या विरोधात बोललो. बारावी झालेली पोरे वर्गणीचे पैसे बॉक्सवर उधळतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडते, त्यापेक्षा अभ्यासिका काढा, असे आमचे नेहमीचे भाषण. आमचा भाचा एका साउंडवाल्याकडे बॉक्स चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. तो मागून म्हणाला, "मामा, मग तुमच्या ट्रंकेत काय आहे? तोही बेसच ना?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण तो प्रश्न मनातून गेला नाही.

बाप विचारतो, वाजवणे का आणलेस? भाचा विचारतो, आम्हाला वाजवू का देत नाहीस? मित्रांनो, हा लेख म्हणजे या दोघांना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

* * *

आम्ही ज्या शहरात शिकायला होतो ते ब्रिस्टल. हे बंदर गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झाले. तेव्हा शहराच्या मध्यभागी एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा उभा होता. आम्ही रोज त्याच्यासमोरून जायचो. ७ जून २०२० रोजी लोकांनी तो दोर लावून पाडला आणि ओढत नेऊन बंदराच्या पाण्यात टाकला. आम्ही हे इथे मोबाइलवर पाहिले आणि वडील असते तर त्यांना दाखवले असते असे वाटून गेले. ते २०१९ मध्येच गेले.

आमची भाड्याची खोली सेंट पॉल्स या भागात होती. शेजारी एक निवृत्त बसचालक राहायचे. त्यांचे आईवडील जमैकाहून आलेले. आम्ही त्यांना 'काका' म्हणू लागलो. त्यांनी अर्थ विचारला, आम्ही सांगितला, त्यांना तो आवडला. एका रविवारी भिंतीपलीकडून असा आवाज आला की आमच्या टेबलावरच्या चहात वर्तुळे उठू लागली. आम्ही जाऊन दार वाजवले, तक्रार करायलाच. काकांनी आत बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि दुसरी तबकडी लावली.

ड्रम अँड बेस ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात ढोल मिनिटाला साधारण १७० ठोक्यांच्या वेगाने धावतो. त्याच्या खालून बेस निम्म्या चालीने चालतो. कान ढोलाबरोबर पळतात, पाय आणि छाती बेसबरोबर सावकाश हलतात. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनमध्ये हा प्रकार घडला. आधी त्याला जंगल म्हणत, पुढे ड्रम अँड बेस हे नाव रूढ झाले. घडवणारी मुले बहुतेक सरकारी इमारतींमधली, कॅरिबियन घरांतली काळी मुले आणि त्यांच्याच शेजारची गोरी, मिश्र वंशाची, आशियाई मुले. साधने काय? एक सॅम्पलर, एक अटारी संगणक, आईवडिलांच्या जुन्या रेकॉर्डी. रेडिओवाले वाजवेनात म्हणून यांनी स्वतःची बेकायदा स्टेशने काढली. हॅकनीतले कूल एफएम १९९१ सालचे. उंच इमारतीच्या गच्चीवर एरियल लावायचा, पोलिसांनी काढून नेला की दुसरा लावायचा.

आम्ही पंचशील घेतलेला माणूस. क्लबात जायचो ते हातात पाण्याची बाटली घेऊन, आणि दारावरचा माणूस आमच्याकडे संशयाने पाहायचा. त्या जगात नशा नव्हती असे आम्ही सांगणार नाही. होती, भरपूर होती. पण आम्हाला ओढ लागली ती तबकड्यांची. दर रविवारी धर्मादाय दुकानांत जुन्या तबकड्या एक-दोन पौंडाला मिळायच्या. घरे आवरताना लोक आपली तरुणपणाची पेटीच देऊन टाकायचे. त्यातल्या काही आम्ही घेतल्या, काही काकांनी दिल्या. परतताना विमानाच्या वजनात बसवण्यासाठी पुस्तके तिथल्या मित्राकडे ठेवली आणि तबकड्या आणल्या. वडिलांचा राग अगदीच अनाठायी नव्हता.

* * *

आता एकेक तबकडी पाहू. पण आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या त्रेचाळीस तबकड्यांपैकी निम्म्याहून जास्त तबकड्यांत एकच माणूस ढोल वाजवतो, आणि एकाही पाकिटावर त्याचे नाव नाही.

त्याचे नाव ग्रेगरी कोलमन. अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडचा तो ड्रमर. बँडमध्ये काळे-गोरे दोन्ही वादक होते. १९६९ मध्ये त्यांची एक रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूचे 'कलर हिम फादर' गाजले, त्याला ग्रॅमी मिळाले. मागच्या बाजूला भरतीचे म्हणून एक वाद्यसंगीत होते, 'आमेन, ब्रदर'. त्याच्या मध्यात बाकीचे वादक थांबतात आणि कोलमन एकटा वाजवतो. चार आवर्तने, जेमतेम सात सेकंद.

ही सात सेकंदे पुढे जगभर गेली. १९८० नंतर हिप-हॉपवाल्यांनी ती उचलली. मग लंडनच्या मुलांनी ती वेगवान केली, तुकडे केले, तुकड्यांचा क्रम बदलला आणि त्यातून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. ड्रम अँड बेस हे बरेचसे या सात सेकंदांवर बांधलेले घर आहे. हजारो गाण्यांत ती आहेत, जाहिरातींतही आहेत.

कोलमनला काय मिळाले? काही नाही. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्याकडे गाण्याचे हक्क होते, त्यांनाही या वापराचा पैसा मिळाला नाही. हा वापर चालू आहे हे त्यांना कळले १९९६ मध्ये. तोवर कायद्याने दावा करण्याची मुदत उलटून गेली होती. कोलमन २००६ साली अटलांटात वारले. अखेरीस ते बेघर आणि कफल्लक होते, असे स्पेन्सर यांनी सांगितले. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या डीजेंनी वर्गणी काढून स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. त्या वेळी कोलमन जाऊन नऊ वर्षे झाली होती.

याला चोरी म्हणायचे का? आम्ही यावर बराच विचार केला. ज्या मुलांनी ती सात सेकंदे घेतली ती काही कारखानदार नव्हती. बापाच्या कपाटातली रेकॉर्ड घेऊन त्यांनी नवी गोष्ट घडवली. आमची भीमगीतेही जुन्या लोकप्रिय चालींवर उभी राहिलीच. गरिबाला घडवायचे असते तेव्हा तो हाताशी असेल ते घेतो. दोष घेण्यात नाही. दोष आहे तो नाव गाळण्यात. शब्दाला मालक असतो, चालीला मालक असतो, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला हक्क असतो. हाताने ठोका मारणाऱ्याचे मात्र कागदावर काहीच नसते. हे वाक्य भारतातल्या कोणत्याही वाजवणाऱ्या जातीतल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

* * *

दुसरी तबकडी पाहण्याआधी बॉक्सची गोष्ट. बॉक्स म्हणजे स्पीकर. आपली पोरेही तोच शब्द वापरतात.

'एम्पायर विंडरश' ही बोट जून १९४८ मध्ये कॅरिबियन माणसे घेऊन इंग्लंडच्या टिलबरी बंदराला लागली. यातली पुष्कळ माणसे युद्धात इंग्लंडसाठी लढलेली. पण खोली भाड्याने मिळेना. अनेक पब आणि नाचघरांच्या दारावर त्यांना अडवले जाई. सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला कायद्याने बंदी घालायला १९६५ साल उजाडावे लागले. मग या माणसांनी काय केले? स्वतःच्या घरात, तळघरात बैठका भरवल्या. जमैकात साउंड सिस्टिमची परंपरा होतीच. इथे त्यांनी प्लायवूड आणून कपाटाएवढे बॉक्स ठोकले, ॲम्प्लिफायर जोडले, नाव दिले, गाडीत घालून गल्लीगल्लीत नेले. दारात येऊ देत नाही तर आमचे दार आम्ही बांधतो, असा तो व्यवहार. महाडच्या लेकरांना यात वेगळे काय सांगायचे?

काकांच्या बापाचा असा एक बॉक्स होता. काका पोरवयात तो उचलायचे. कमरेचे दुखणे तिथूनच लागले असे सांगायचे आणि हसायचे.

याच ब्रिस्टलमध्ये १९६३ साली बस बहिष्कार झाला. ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना वाहक-चालक म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी शहराला बसमध्ये न चढण्याचे आवाहन केले. चार महिन्यांत कंपनी नमली. सप्टेंबरमध्ये पहिला गोरेतर वाहक कामावर आला. तो होता रघबीर सिंग, एक शीख माणूस. काकांनी ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितली, कारण त्यांना वाटले की तो आमचा नातलग असेल. आम्ही म्हणालो, नातलग नाही, पण नाते आहे.

बेस जड का असतो, हे काकांनी आम्हाला पुठ्ठ्यावर रेघा काढून शिकवले होते. तबकडीवरच्या खाचेत खालचा स्वर रुंद वळण घेतो, त्याला जागा लागते. म्हणून बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच गाणे, तेही पुष्कळदा पंचेचाळीसच्या वेगाने फिरणारे. लहान जागेत कोंबले तर बेस मरतो. "बेसला जागा द्यावी लागते," काका म्हणायचे. आम्ही हे वाक्य एम.ए.च्या प्रबंधात घालणार होतो. मार्गदर्शक म्हणाले, संदर्भ काय देणार? ते राहून गेले.

* * *

तिसऱ्या थरात 'न्यू फॉर्म्स' आहे. रोनी साइझ आणि रेप्रेझेंट या ब्रिस्टलच्याच मंडळींचा हा संच १९९७ सालचा. रोनी साइझचे आईवडील जमैकाचे. त्या वर्षी या संचाला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. शर्यतीत रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' होता, स्पाइस गर्ल्सही होत्या. ड्रम अँड बेसला पहिल्यांदाच एवढा मान मिळाला. त्यातले 'ब्राउन पेपर बॅग' आम्ही किती वेळा ऐकले याचा हिशेब नाही. खऱ्या डबल बेसचा घुमणारा स्वर, आणि मग ढोल सुटतो.

पाकिटावर १९९७ हा आकडा पाहिला की आम्हाला मात्र दुसरेच आठवते. ११ जुलै १९९७. घाटकोपरचे रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या आपल्या माणसांवर गोळीबार झाला आणि दहा जण मेले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. त्या दिवशी वडील रात्री उशिरा घरी आले आणि जेवले नाहीत. शाहीर विलास घोगरे या आघातातून सावरले नाहीत, काही दिवसांत त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे पुढच्या पिढीला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला.

एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात तिकडे वस्तीतल्या मुलांच्या ढोलाला देशाचा पुरस्कार मिळतो आणि इकडे वस्तीचा गायक जातो. यावरून इंग्लंड चांगले आणि भारत वाईट असे आम्हाला म्हणायचे नाही. तिकडेही सेंट पॉल्समध्ये २ एप्रिल १९८० रोजी पोलिसांच्या धाडीनंतर दंगल पेटली होती. 'न्यू फॉर्म्स' त्या राखेनंतर सतरा वर्षांनी आले. त्या सतरा वर्षांत त्या मुलांकडे बॉक्स होते, ते ठेवायला जागा होती, तबकडी कापून घेण्याची सोय होती, विकायला दुकान होते, स्वतःची लेबले होती. पुरस्कार आभाळातून पडला नाही. आपल्या शाहिरांच्या पाठीशी काय होते? कॅसेट कंपनीने एकदा दिलेले मानधन आणि लोकांचे प्रेम. प्रेमाने पोट भरत नाही, हे समाज म्हणून आपण अजून नीट कबूल केलेले नाही.

* * *

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो.

आमचे आजोबा गावात डफडे वाजवायचे. पाटलाच्या घरचे लग्न असो की देवाची पालखी, बोलावणे आले की जायचे. मिरवणुकीत पुढे चालायचे, पण देवळाच्या पायरीशी थांबायचे. मोबदला म्हणजे उरलेले अन्न आणि वर शिवी. १९५६ च्या ऑक्टोबरात ते नागपूरला जाऊन आले आणि डफडे खुंटीवरून काढले ते पुन्हा हातात घेतले नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक आणले. गावकीची कामे सोडणे हा आपल्या मुक्तीचा पाया होता. डफडे सोडणे हा त्याच पायातला एक दगड. त्यामुळे वडिलांच्या कानाला ढोलाचा आवाज मुक्तीचा वाटत नव्हता. त्यांना त्यात पाटलाचे बोलावणे ऐकू यायचे.

काळ्या माणसाची गोष्ट याच्या उलट आहे. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत चालले होते. पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांच्या हातचे ढोल काढून घेतले. मालकाला कळले होते की ढोल निरोप पोचवतो, माणसे जमवतो. त्यांच्यासाठी ढोल पुन्हा हातात येणे ही मुक्ती होती.

त्यांना वाजवायला बंदी, आपल्याला वाजवायची सक्ती. वरवर पाहिले तर दोन टोके. पण नीट पाहा. दोन्हीकडे वाजवायचे की नाही, कधी, कुठे, कोणासाठी, हे ठरवणारा वाजवणारा नव्हता. आजोबांनी सोडली ती ही दुसऱ्याने ठरवण्याची व्यवस्था. डफडे तिच्या हातातले साधन झाले होते म्हणून तेही सोडावे लागले. आणि लंडनच्या मुलांनी मिळवला तो स्वतः ठरवण्याचा अधिकार. आण्णा, तुम्ही विचारले होते, वाजवणेच आणलेस का? नाही. ठरवून वाजवणारी माणसे कशी असतात ते पाहून आलो, आणि त्याचा पुरावा म्हणून या तबकड्या आणल्या. तेव्हा सांगता आले नाही. आम्हालाच ते कळायला बारा वर्षे लागली.

* * *

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे, कारण त्यात आमची स्वतःची खोटी बाजू उघडी पडते. परदेशातला बेस आम्हाला संस्कृती वाटला आणि वस्तीतला बेस धांगडधिंगा वाटला. शिकलेल्या माणसाला हा रोग लवकर लागतो.

ब्रिटनच्या सरकारने १९९४ मध्ये एक कायदा केला. रात्री उघड्यावर शंभर किंवा अधिक माणसे जमून संगीत वाजवत असतील तर पोलिसांना ते बंद करण्याचा अधिकार. आणि संगीताच्या व्याख्येत एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांचा खास उल्लेख. म्हणजे व्हायोलिन नव्हे, ठोका. कोणाचा आवाज संगीत आणि कोणाचा गोंगाट, हे नेहमी सत्ता ठरवत आली आहे. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई आहे. नियम योग्य आहे. पण सप्टेंबरात कोणत्या मिरवणुकीला किती सूट मिळते आणि एप्रिलमध्ये कोणाच्या बॉक्सची वायर दहाच्या ठोक्याला खेचली जाते, हे वस्तीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तो जेव्हा बेस वाढवतो तेव्हा त्यात हाही राग असतो. तो राग न ऐकता आम्ही अभ्यासिकेचे भाषण दिले.

तरीही आम्ही पोरांना सगळे माफ करायला बसलो नाही. आजारी माणूस आजारीच असतो, भिंत कोणाचीही असो. आणि एक हिशेब पोरांनी करावा. बॉक्स कोणाचे? बाहेरच्या मालकाचे. भाडे कोणाचे? वस्तीच्या वर्गणीचे. एका रात्रीत पैसा गल्लीबाहेर जातो आणि मागे फक्त कानातली शिट्टी उरते. कॅरिबियन माणसांनी बॉक्स स्वतः ठोकले होते. तो फरक बारीक नाही, सगळा फरक तोच आहे.

आणखी एक. आमच्याकडे केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोघी मैत्रिणींच्या लेबलच्या तबकड्या आहेत. गोल्डी नावाचा मुलगा, अनाथगृहांत आणि परक्या घरांत वाढलेला, याला हे संगीत पहिल्यांदा ऐकवले ते या दोघींनी. १९९४ मध्ये तिघांनी मिळून 'मेटलहेड्झ' हे लेबल काढले. गोल्डीचे नाव जगभर झाले. केमिस्ट्री १९९९ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेली, ऐन उमेदीत. आज गोल्डीचे नाव दहा जणांना माहीत असेल तर केमिस्ट्रीचे एखाद्याला. आपल्या जयंतीत बॉक्ससमोर किती पोरी नाचू शकतात? कडेला उभ्या राहून, ओढणी सावरत, भावाकडे बघत. मशीनवर तर एकही नसते. ज्या आवाजापासून आपल्याच बहिणींना दूर उभे राहावे लागते तो आवाज अजून पुरता आपला झालेला नाही.

* * *

त्या जुलैतल्या संध्याकाळी भाचा घरी आला. चोर बाजारातून आणलेला एक जुना रेकॉर्ड प्लेअर आमच्याकडे आहे, त्याचा पट्टा सैल झाला होता. त्याने तो काढून उलटा बसवला आणि चालू केला. आम्ही 'आमेन'चा ठोका असलेली एक तबकडी लावली आणि कोलमनची गोष्ट सांगितली. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, आपल्या पेनड्राइव्हमध्ये पाचशे भीमगीतं आहेत. फाइलला नाव असतं ते रिमिक्सवाल्याचं. मूळ कोणी गायलंय ते मला पण माहीत नाही."

तेव्हा आम्ही वडिलांच्या कॅसेटींकडे वळलो. त्यांच्या खाली एक शंभरपानी वही निघाली. वहीत प्रत्येक कॅसेटची नोंद. गाणे, कवी, गायक, विकत घेतल्याची तारीख, किंमत. वामनदादा कर्डकांचे नाव किती ठिकाणी आहे ते मोजता मोजता आम्ही थांबलो. जिथे कव्हरवर लिहिलेले होते तिथे ढोलकीवाल्याचेही नाव उतरवलेले, कोरसवाल्या बायकांचेही. जिथे नाव छापलेले नव्हते तिथे रकाना रिकामा ठेवलेला, कधीतरी विचारून भरता यावा म्हणून. वाजवण्यावर चिडलेला आमचा बाप आयुष्यभर वाजवणाऱ्यांची नावे लिहीत होता, आणि आम्ही ती वही कधी उघडली नाही.

भाच्याने मोबाइलमध्ये वहीच्या पानांचे फोटो काढले. पुढच्या बैठकीत आम्ही दोघे मिळून मंडळापुढे चार गोष्टी मांडणार आहोत. एक, प्रत्येक गाण्याआधी कवी, गायक आणि वादक यांची नावे माइकवर घ्यायची. नाव माहीत नसेल तर वर्षभरात शोधायचे. दोन, भाड्याच्या पैशांतून दरवर्षी एकेक बॉक्स मंडळाच्या मालकीचा करायचा, वर्षभर तो धम्मपरिषदेला, लग्नाला, सभेला वापरायचा आणि भाडे वस्तीत ठेवायचे. तीन, मशीनवर बसायला दोन मुली शिकवायच्या, शिकवणार भाचा. चार, दहाला बंद म्हणजे दहाला बंद, आणि आवाज किती ठेवायचा हे गल्लीतल्या आजारी माणसांना विचारून आपणच ठरवायचे, पोलिसांनी यायच्या आधी.

मंडळ ऐकेल का? दोन गोष्टी ऐकेल, दोन फेटाळेल, असा आमचा अनुभव सांगतो. अभ्यासिकेचा हट्ट आम्ही सोडलेला नाही. पण अभ्यासिका आणि बॉक्स यांना एकमेकांचे शत्रू बनवून आम्ही जी दहा वर्षे भाषणे केली ती चुकीची होती, हे इथे लिहून ठेवतो.

तुमच्या घरात अशी एखादी पेटी असेल. कॅसेटींची, रेकॉर्डींची, गाण्याच्या वहीची. या पावसाळ्यात ती खाली काढा. बुरशी पुसा. त्यात ज्यांचा आवाज आहे त्यांची नावे लिहा, आणि ज्यांची नावे कोणीच लिहिली नाहीत त्यांच्यासाठी रकाना मोकळा ठेवा.

जय भीम!